घरात काही नाही

लालबाग-परळच्या स्वयंपाकघरांतून आठवड्यातून एकदा तरी एक निवेदन निघतं : "घरात काही नाही." निवेदन करणारी बाई त्या वेळी मांडणीसमोर उभी असते. मांडणीवर वरपासून खालपर्यंत डबे. त्यांत तूरडाळ, मूगडाळ, मसूर, चवळी, कडवे वाल, काळे वाटाणे, जाडे पोहे, पातळ पोहे, रवा, बेसन, भाजणी, नाचणीचं पीठ. खाटेखाली कांदे-बटाटे. पोटमाळ्यावर गावाहून आणलेली उकड्या तांदळाची गोण, तिच्यामागे फणसाच्या पापडांचा डबा, आणि त्याच्याही मागे आणखी एक पापडांचा डबा, ज्याला कोणी हात लावायचा नाही, कारण तो पाहुण्यांसाठी आहे. कोपऱ्यातल्या चिनीमातीच्या बरणीत आमसुलं. या सगळ्याकडे एकवार नीट बघून बाई म्हणते, घरात काही नाही.

ती खोटं बोलत नाही. मराठी घरात कडधान्यं, पिठं, तांदूळ आणि पापड हे 'काही'मध्ये मोडतच नाहीत. ते नुसते असतात. गिरगावातल्या शाकाहारी घरात 'काही' म्हणजे भाजी, आणि तीही आजची. लालबागच्या मालवणी घरात 'काही' म्हणजे मासळी. आज आणलं आणि आज संपलं तर ते 'काही'. बाकीचं सगळं सामान. बँकेतल्या मुदतठेवीला कोणी खिशातले पैसे म्हणत नाही, तसंच हे. म्हणून बत्तीस डब्यांपुढे उभं राहून 'काही नाही' म्हणताना बाईचा आवाज जराही कापत नाही, आणि ऐकणारा नवराही डब्यांकडे बोट दाखवण्याचं धाडस करत नाही.

या निवेदनाचे मुहूर्त ठरलेले आहेत. महिन्याची अठ्ठावीस तारीख हा एक. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला बांधलेल्या असतात आणि दादरचा भाजीवाला 'ताई, पाऊस आहे' एवढ्या एका वाक्यावर मेथीच्या जुडीचा भाव दुप्पट करतो, तो दुसरा. पण सर्वांत भारी मुहूर्त गावाहून परत आल्याचा. कोकण रेल्वेने दादरला उतरलेलं कुटुंब टॅक्सीवाल्याशी पाच बोजांचा वाद घालून घरी पोचतं. एका पिशवीत कुळथाचं पीठ, एकीत सोलं, एकीत नारळ, एकीत काजूगर आणि एकीत सुकी मासळी. या शेवटच्या पिशवीला प्लास्टिकच्या चार थरांत गुंडाळलेलं असतं आणि तरी तिची ओळख सबंध डब्याला पनवेलच्या आधीच झालेली असते. कुलूप उघडतं, बोजे आत येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. बोजांच्या पलीकडून आवाज येतो : "चहा टाकते. पण जेवायचं काय? घरात काही नाही."

मग होते ती कुळथाची पिठी.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. कुळीथ खरपूस भाजतात, भरडतात, पाखडून सालं काढतात आणि मग दळतात. काही घरांत दळणात मूठभर धणे-जिरेही जातात. हे काम गावाला, उन्हाळ्यात होतं आणि पीठ वर्षभर मुंबईत पुरवून खाल्लं जातं. पिठीची कृती एवढी सोपी आहे की ती लिहून ठेवण्याची गरज आमच्या घराण्यात कोणाला वाटली नाही. चौघांसाठी चार मोठे चमचे पीठ घ्यावं आणि थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवावं. पातेल्यात तेल तापवून पाच-सहा लसूण पाकळ्या सालासकट ठेचून टाकाव्यात, त्या लाल होऊ द्याव्यात, मग हिंग आणि दोन सुक्या मिरच्या. वर तीन पेले पाणी, मीठ, तीन-चार आमसुलं. पाणी उकळलं की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. पाच-सात मिनिटं रटरटलं की कच्चा वास जातो आणि पातेल्यावर झाकण ठेवायची वेळ येते. झाकण उशिरा ठेवलं तर पिठीचे थेंब गॅसवर, ओट्यावर आणि कॅलेंडरवरच्या संकष्टीवर उडतात. वरून असेल तर ओलं खोबरं, कोथिंबीर. 'घरात काही नाही' या वाक्यापासून वाफाळत्या पातेल्यापर्यंत पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यातली पाच लसूण शोधण्यात जातात.

आता या कृतीतल्या प्रत्येक शब्दावर वाद आहे. लसूण की कांदा? मोहरी चालते का? मोहरी घालणारी सून ही घाटावरून आली असणार, असं एका सासूबाईंचं ठाम मत मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. मिरची सुकी की हिरवी, की लालबागचा मसाला? या तिसऱ्या पक्षात आमचं घर मोडतं. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला बाजारात ब्याडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्यांचे ढीग लागतात. बायका किलोंचे हिशेब करून घेतात, तिथेच भाजून घेतात आणि डंकावर कुटून घेतात. त्या दिवसांत त्या भागातून जाणारी बस शिंकत जाते. त्या मसाल्याचा अर्धा चमचा पिठीत गेला की तिला रंग चढतो. शुद्धिवादी याला भेसळ म्हणतात. म्हणोत.

पण खरा वाद दाटपणाचा. पिठी 'पळीवाढी' असावी, म्हणजे पळीने वाढता येईल इतपत, याबद्दल सर्वांचं एकमत आहे. फक्त प्रत्येकाची पळी वेगळी. त्यात पिठीचा स्वभाव असा की गार होता होता ती घट्ट होत जाते. त्यामुळे घरात कोण किती वाजता येतो यावर त्याच्या वाट्याला काय येणार ते ठरतं. आठ वाजता जेवणाऱ्या आजोबांना ती पातळ मिळते, साडेनऊला येणाऱ्या मुलाला पिठलं मिळतं, आणि रात्री अकराच्या कर्जत लोकलला चुकून बसून परत दादरला आलेल्या धाकट्याला तिच्या वड्या पाडता येतात. अर्थात त्यावर इलाज आहे. पेलाभर पाणी घालून पुन्हा एक उकळी. अचानक दोन माणसं वाढली तरी इलाज तोच. नळावरून माणसांची संख्या जमवून घेणारा दुसरा पदार्थ माझ्या पाहण्यात नाही.

या गुणाची परीक्षा २६ जुलै २००५ ला झाली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. शहर एकच. गिरगावातली माणसं संध्याकाळी गॅलरीत उभी राहून 'हा काय पाऊस आहे?' असं एकमेकांना विचारत होती, आणि त्याच वेळी त्यांचे मेहुणे कुर्ल्याला छातीभर पाण्यातून चालत होते. परळला आमच्या चाळीत रात्री उशिरापर्यंत माणसं येत राहिली. घरातली आली, शेजारची आली, आणि दोघं तर कोणाचीच नव्हती. त्यांना फोर्टहून चालत घाटकोपरला जायचं होतं आणि हिंदमाताच्या पाण्यात त्यांचा निश्चय विरघळला होता. दूध नव्हतं, पाव नव्हता, भाजी नव्हती. अगदी खऱ्या अर्थाने घरात काही नव्हतं. पण शेगडीवर मोठं पातेलं होतं, आणि दर नव्या माणसागणिक त्यात एक पेला पाणी पडत होतं. घाटकोपरकरांपर्यंत पोचताना पिठीत कुळीथ किती उरले होते हे सांगता येणार नाही, पण ती गरम होती आणि लसणाचा वास शाबूत होता. त्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

हे पीठ ओळखता येणं मात्र जरुरीचं आहे. मराठी घरात डब्यांना लेबल नसतं. लेबल लावणं म्हणजे घरच्या बाईच्या स्मरणशक्तीवर अविश्वासाचा ठराव आणणं. शिवाय डब्याचा आणि आतल्या वस्तूचा संबंध नसावा असा दंडक आहे : बोर्नव्हिटाच्या बाटलीत बोर्नव्हिटा सोडून काहीही असू शकतं, आणि बिस्किटांच्या निळ्या डब्यात सुईदोरा असतो हे लहान मुलालाही कळतं. या व्यवस्थेत तपकिरी पिठांचं एक घराणं नांदत असतं. कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, सुंठ, दिवाळीतून उरलेलं उटणं आणि शिकेकाई. घरची बाई यांतला फरक झाकण उघडायच्या आधीच ओळखते. बाकीच्यांनी फंदात पडू नये. आमच्या मजल्यावरचे एक काका, काकू माहेरी गेलेल्या असताना, पडले. फोडणी उत्तम झाली, लसूण लाल झाला, आमसुलं पडली, आणि कालवलेलं पीठ ओतताच पातेल्यावर भरघोस फेस आला. काकांना वाटलं, पीठ ताजं आहे. त्यांना टक्कल पडून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे शिकेकाई ओळखण्याचा सराव सुटलेला. पुढे काही दिवस ते फार कमी बोलत. काकू परत आल्यावर मात्र त्यांनी डब्यांवर लेबलं लावली नाहीत. काकांना स्वयंपाकघरात यायला बंदी केली, जे सोपं होतं.

एवढा गुणी पदार्थ, पण समाजात त्याला मान नाही. पाहुण्यांसमोर पिठी ठेवायची नसते. जावई आला तर नाहीच नाही; व्याही आले तर पातेलं झाकून वर वर्तमानपत्र घालतात. अवचित कोणी जेवायला थांबलंच तर वाढणारी म्हणते, "आज आपली पिठीच आहे हं नुसती." त्यावर पाहुणा म्हणतो, "अहो, आम्हाला हीच आवडते." बाईला वाटतं, सभ्यपणाने म्हणतोय. खरं तर तो बिचारा मनापासून म्हणत असतो. चार लग्नांची जेवणं जेवून त्याची जीभ बासुंदीने बधिर झालेली असते. पण पुढच्या वेळी तो येणार म्हणून कळवतो तेव्हा बाई पुन्हा श्रीखंड आणवते. त्याला काय आवडतं हे त्याने सांगून काय उपयोग? आणि यात इंग्रजांनीही हातभार लावला. त्यांनी या धान्याला घोड्याचा चणा ठरवलं. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तूरडाळीच्या पंक्तीला बसायला हरकत नव्हती. पण घोड्याच्या तोबऱ्यातून ताटात येताना जी इज्जत जाते ती प्रथिनांनी भरून निघत नाही.

घरात पाहुण्यांना पातळ पदार्थ चालत नाही, म्हणून मग आपण तो प्यायला हॉटेलात जातो. तिथे त्याला सूप म्हणतात.

मराठी कुटुंबाचं हॉटेलातलं सूप हा एक गणिताचा विषय आहे. दादरच्या हॉटेलात पाच माणसं बसतात. मेन्यूकार्डाची पहिली वीस मिनिटं उजव्या रकान्याचं वाचन होतं. मग बाबा वेटरला म्हणतात, "टोमॅटो सूप, वन बाय टू." वेटर विचारतो, "किती?" इथे कुटुंब फुटतं. माणसं पाच, म्हणजे वन बाय टू दोन आणि एक अख्खं? पण अख्खं एकटा कोण पिणार? आजीला नको आहे. आजीला नको असलं तरी तिला दोन चमचे लागणार हे सर्वांना ठाऊक असतं. शेवटी दोन वन बाय टू आणि एक रिकामा बाऊल असा तोडगा निघतो. तो रिकामा बाऊल आणताना वेटरच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याकडे कोणी बघायचं नसतं. मग सूप येतं. लाल, गोडसर, कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं, वर तळलेल्या पावाचे चार चौकोनी तुकडे. आजी दोन चमचे घेते आणि म्हणते, "सारच आहे की. गूळ जास्त पडलाय." बरोबरच बोलते. तिच्या टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध आणि जिऱ्याची फोडणी असते, आणि त्याला कोणी वन बाय टू म्हणत नाही. हवं तेवढं घ्या.

लग्नाच्या हॉलमध्ये तर याहून मजा. पूर्वी मांडवात शिरल्यावर हातावर अत्तर लावायचे, आता हातात सूपचा कागदी पेला देतात. शालू नेसलेल्या बायका, एका हातात आहेर, दुसऱ्यात पर्स, आणि तिसरा हात नसताना मनचाव सूप. वर कुरकुरीत नूडल्स. ते गरम इतकं असतं की ठेवायला जागा शोधावी लागते, आणि जागा सापडेपर्यंत अक्षतांची वेळ होते. मला असे एक गृहस्थ माहीत आहेत, ज्यांनी डाव्या हातात सूप धरून उजव्या हाताने सहा मंगलाष्टकं निभावली. सातव्याला शिंक आली.

भाताशिवाय सूप ही कल्पनाच आपल्याला अवघड जाते. आपल्याकडे पातळ पदार्थ डझनांनी आहेत. सार, कढण, कळण, आमटी, पुरणाच्या डाळीचा कट, कढी, सोलकढी. पण त्यांपैकी बहुतेकांचं ठिकाण भातावर आहे. मद्रासेतल्या साहेबांची अडचण याच्या बरोबर उलटी होती. त्यांच्या जेवणाची सुरुवात सूपने व्हायची आणि स्वयंपाक्याला सूप ठाऊक नव्हतं. त्याने भातावर घ्यायचं मिरपुडीचं रसम भाताशिवाय पुढे ठेवलं. साहेबाने त्यात कोंबडी घातली, मटण घातलं, पुढे वर थोडा भातही टाकून घेतला, आणि मलिगटॉनी या नावाने ते विलायतेला नेलं. भात परत आलाच. फक्त त्याला समुद्र ओलांडावा लागला.

आणि जर्मनांनी तर चक्क पिठीच केली. १८६७ साली बर्लिनच्या योहान हाइनरिश ग्र्युनेबेर्ग नावाच्या स्वयंपाक्याने वाटाण्याचं पीठ, चरबी, कांदा, मीठ आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे कालवून त्याची सॉसेजच्या आकाराची कांडी वळली. कांडीचा तुकडा मोडायचा, कुस्करून पाण्यात उकळायचा, सूप तयार. प्रशियाच्या सरकारने कृती विकत घेतली आणि १८७०-७१ च्या युद्धात आपल्या सैन्याला या कांड्या पुरवल्या. फ्रान्ससारख्या, जेवणाची एवढी ऐट असलेल्या देशाचा पराभव वाटाण्याच्या पिठीवर पोसलेल्या फौजेने केला, हे मला फार समाधानाचं वाटतं. पुढे १८८९ पासून ती कांडी क्नॉर कंपनी बनवू लागली, आणि २०१८ च्या अखेरीस तिने ती बंद केली. तीच क्नॉर, जिची सूपची पाकिटं आपल्या वाण्याकडे टांगलेली असतात. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं त्यांनी पिठात पाणी घालून सूप होतं ही गोष्ट विकली. आमच्या आजीने ती कोणाला विकली नाही. कोणी मागितली नाही हे एक कारण. पण मागितली असती तरी तिने प्रमाण 'अंदाजानं' असं सांगितलं असतं आणि प्रशियाच्या सरकारची पंचाईत झाली असती.

फौज आपल्याकडेही होती, गिरणी कामगारांची. तिचे भोंगे पहाटेपासून वाजत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, साताऱ्यातून आलेले गडी एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या हिशेबाने खाणावळीत जेवत. त्या खाणावळी म्हणजे हॉटेलं नव्हेत. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई, दोन शेगड्या आणि वीस-पंचवीस ताटं. पगाराच्या आधीच्या आठवड्यात त्या बाईला वाण्याकडून उधारीवर सामान आणावं लागे आणि सावकार दारात बसलेला असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या रांधण्याला कागदोपत्री व्यवसाय म्हणून किंमत आली. त्यानंतर सात वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि भोंगे थांबले. कित्येक घरं त्या काळात गावाहून आलेल्या गोणीवर तगली. माझ्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना पिठी का आवडत नाही याचं उत्तर तिच्या चवीत नाही. संपाच्या त्या काळात ती रोज खावी लागली, यात आहे. आमचा एक वर्गमित्र अजूनही पिठीचा वास आला की जेवणाच्या टेबलावरून उठतो आणि खिडकीपाशी जातो. त्याला कोणी आग्रह करत नाही.

आता ती चाळ नाही. तिच्या जागी टॉवर आहे. एका विंगेत आम्ही जुने भाडेकरू, दुसऱ्या विंगेत विकत घेतलेले लोक, आणि मध्ये एक पोहण्याचा तलाव, ज्याच्याकडे दोन्ही विंगा संशयाने बघतात. मांडणी जाऊन ट्रॉल्या आल्या. ट्रॉलीत डबे पारदर्शक असतात, त्यामुळे 'घरात काही नाही' म्हणणं जरा कठीण झालं आहे, पण अशक्य नाही. आणि घराघरांत आहारतज्ज्ञ आले आहेत, फोनमधून. त्यांनी सांगितलेलं असतं : रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, एक बाऊल सूप, भात बंद.

शेजारच्या घरात याचा प्रयोग झाला. आजी मूळच्या मालवणच्या, वय ऐंशीच्या पुढे. नात पंचविशीची, पवईला नोकरी. नातीने फोनवर कुठेतरी कुळथाच्या सूपचा व्हिडिओ पाहिला, ज्यात एक गोरी बाई 'प्राचीन भारतीय सुपरफूड' असं म्हणत होती. नातीने आजीच्याच डब्यातलं पीठ काढलं, त्यात गाजर-सेलरी उकडून घातली, हँड ब्लेंडर फिरवला, वर क्रीमचा गोल काढला आणि पांढऱ्या बाऊलमध्ये आजीपुढे ठेवलं.

"ह्या काय गो?"

"सूप, आजी. कुळथाचं."

"मगे भात खंय?"

"भात नाही. नुसतंच प्यायचं."

आजींनी नातीच्या कपाळाला हात लावला. "आजारी आसस?"

या प्रश्नात आजींचं अख्खं वैद्यकशास्त्र आहे. धडधाकट माणूस पातळ पदार्थ भातावर घेतो. भाताशिवाय फक्त आजारी माणूस पितो : तापात पेज, पोट बिघडलं की मुगाचं कढण, बाळंतिणीला आळिवाची खीर. पांढऱ्या बाऊलमधून चमच्याने सूप पिणारी ठणठणीत मुलगी बघून आजींना वाटलं, हिला काहीतरी झालंय आणि ही घरात सांगत नाही. रात्री त्यांनी गावाला फोन करून नातीसाठी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

नातीने आपल्या सूपचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथे चौदाव्या मजल्यावरच्या जैन भाभींनी विचारलं, "कुलथी का आटा कहाँ मिलेगा?" साधा प्रश्न. पण आमच्या विंगेतल्या प्रत्येक घरात गावाहून आलेलं पीठ होतं, आणि प्रत्येकाचं गाव वेगळं. देवगडवाल्यांनी कळवलं की वेंगुर्ल्याचं पीठ कडवट असतं. वेंगुर्लेकरांनी कळवलं की देवगडला आंब्याशिवाय काही पिकत नाही. रत्नागिरीच्या एका निवृत्त मास्तरांनी कुळीथ भाजण्याच्या योग्य पद्धतीवर सात भागांत टिपण लिहिलं. दुसऱ्या विंगेतल्या कोणीतरी त्याखाली 'गुड मॉर्निंग'चं गुलाब टाकलं. सेक्रेटरींनी ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय असावेत अशी विनंती केली आणि पाठोपाठ स्वतःच्या सासुरवाडीच्या पिठाचा फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत भाभींच्या दाराशी पाच पिशव्या गेल्या होत्या, शिवाय आमसुलाच्या दोन.

रविवारी भाभी बाऊल घेऊन आजींकडे आल्या. कांदा नाही, लसूण नाही. तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, आमसुलं, आणि पळीवाढी, अगदी बेतशीर. आजींनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग बाऊल हातात धरूनच उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कुकरमधला भात ताटलीत काढला, त्यावर सगळी पिठी ओतली आणि बाहेर येऊन बोटांनी कालवत सोफ्यावर बसल्या. भाभी उभ्याच होत्या.

"बरी झाली हा," आजी म्हणाल्या. "पण लसूण व्हयो होतो."

नातीने हिंदीत सांगितलं. भाभी हसून म्हणाल्या, "आजी, हम लोग लहसुन नहीं खाते."

"मगे खाव नको," आजी म्हणाल्या. "फोडणीक घाल नि काडून टाक."